थायरॉइड स्लो आहे, मग रक्ताच्या गुठळ्या होतील का?

मागच्या अंकात थायरॉइड स्लो असण्याबद्दल लिहिलं होतं, वजन, थकवा, केस, पाळी असं नेहमीचं सगळं, आणि जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की थायरॉइडचा रक्त गोठण्याशी पण संबंध असतो. त्या एका वाक्याने बऱ्याच जणांची झोप उडवलेली दिसतेय, कारण आलेल्या प्रश्नांतले बहुतेक त्याच्यावरच आहेत. म्हणून यावेळी अख्खा कॉलम त्यालाच. नावं कुणाचीच छापत नाहीये. पत्रांत टीएसएच आणि टी४ सारखे येतील : टी४ म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, आणि टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड स्लो झाला की ते वाढतं, फास्ट झाला की उतरतं.

प्रश्न : मॅडम नमस्कार, माझं वय ४२, टीएसएच ९.२ आलाय, टी४ नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले बॉर्डरवर आहे, २ महिन्यांनी परत तपासू. पण माझ्या सख्ख्या बहिणीला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पायात गुठळी झाली होती आणि तिलाही थायरॉइड आहे, त्यात मी वाचलं की थायरॉइड स्लो असला की रक्त घट्ट होतं, तेव्हापासून पोटरी जरा दुखली तरी धडकी भरते. ॲस्पिरिनची छोटी गोळी रोज सुरू करू का? नुकसान तर काही नाही ना?

उत्तर : नुकसान आहे, म्हणून ते आधी. ॲस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, लहान डोसनेही होतो, आणि पायाच्या शिरेतली गुठळी टाळायला ते काही मुख्य औषध नाही. ॲस्पिरिन प्लेटलेट्सवर काम करतं, त्याचा जास्त उपयोग हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांसाठी, तोही ज्यांना तो आजार आधीच झालाय त्यांना. तेव्हा ते राहू द्या.

आता घट्ट रक्ताचं. शिरेत गुठळी का होते याची कारणं डॉक्टर लोक अजूनही तीन खणांत टाकतात, एकोणिसाव्या शतकातल्या रुडॉल्फ फिरखोव या जर्मन डॉक्टरच्या नावाने ते ओळखले जातात : रक्त एका जागी साचून राहणं, शिरेच्या आतल्या भिंतीला इजा, आणि रक्ताचीच गोठण्याकडे ओढ. थायरॉइडचा हात असतो तो या तिसऱ्या खणात. रक्त गोठवणारे घटक यकृतात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बनतात, ते किती बनायचे आणि किती लवकर मोडायचे यावर थायरॉइडचं हार्मोन परिणाम करतं, आणि झालेली गुठळी विरघळवायची जी शरीराची व्यवस्था असते तिच्यावर पण.

पण गंमत अशी की दिशा सरळ नाहीये. थायरॉइड खूपच कमी झाला, म्हणजे टी४ पण खाली गेलेला, तर गोठवणारे काही घटक कमी होतात आणि माणूस उलट रक्तस्रावाकडे झुकतो. थायरॉइड जास्त झाला तर गोठण्याकडे झुकतो, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. आणि मधला जो तुमच्यासारखा पट्टा, टीएसएच थोडा वर आणि टी४ नॉर्मल, तिथे गुठळी विरघळवायचं काम जरा मंदावल्याचं काही अभ्यासांत दिसतं, काहींत दिसतच नाही. प्रत्यक्ष गुठळ्यांचं प्रमाण बघितलं तरी तेच, काही अभ्यासांत थोडं वाढलेलं, काहींत फरक नाही. त्यामुळे "स्लो थायरॉइड म्हणजे घट्ट रक्त" असं जे कुठेकुठे ठोकून दिलेलं असतं ते मला अजिबात पटत नाही.

आकडा बघा म्हणजे बरं वाटेल. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत सगळ्या वयाची मोठी माणसं धरली तर वर्षाला साधारण हजारात एकाला शिरेतली गुठळी होते, तरुणांत त्याहून कमी, म्हाताऱ्यांत जास्त. मोठं ऑपरेशन, कॅन्सर, प्लास्टरमधला पाय, बाळंतपण, आधी होऊन गेलेली गुठळी, या गोष्टी तो धोका कितीतरी पटींनी वाढवतात, त्यांच्यापुढे ९.२ चा टीएसएच किरकोळ आहे. तुमच्या पत्रात मला महत्त्वाची वाटली ती बहिणीची गोष्ट. सख्ख्या भावंडाला किंवा आईवडलांना गुठळी झालेली असेल तर आपला धोका साधारण दुप्पट धरतात. तिची ऑपरेशननंतरची आहे म्हणजे कारण समोर दिसतंय, आपोआप झालेल्या गुठळीइतकं काळजीचं नाही, पण तुमचं कधी ऑपरेशन ठरलं, पाय प्लास्टरमध्ये गेला, कुठलं हार्मोन सुरू करायचं झालं तर ही माहिती डॉक्टरांना न विचारता सांगून टाका.

थायरॉइडचं म्हणाल तर टीएसएच परत करा, सोबत टी४ आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीजची टेस्ट) करून घ्या. टीएसएच १० च्या वर टिकला तर बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात, खाली असेल तर त्रास, वय, प्रेग्नन्सीचा विचार, कोलेस्टेरॉल असं सगळं बघून ठरतं. कोलेस्टेरॉल मी मुद्दाम लिहिलं. थायरॉइड बरीच वर्षं स्लो राहिला की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं, धमन्यांत थर साचतो, आणि हार्ट अटॅकमध्ये सुद्धा शेवटी गुठळीच होते, फक्त ती धमनीत. स्लो थायरॉइडवाल्यांनी खरी काळजी करायची असेल तर या रस्त्याची करावी, आणि लोक नेमके पोटरीकडे बघत बसतात.

प्रश्न : मला पाळीत खूप अंगावरून जातं, मोठमोठ्या गाठी पडतात, ८-९ दिवस चालतं. टीएसएच ६८ निघाला, टी४ खूप कमी. हातापायावर न लागता निळे डाग पण पडतात. म्हणजे माझ्या रक्तात गुठळ्या होतायत का आणि त्या फुप्फुसात जातील का?

उत्तर : नाही, तुमचं उलटं चाललंय. पाळीत पडणाऱ्या गाठी म्हणजे गर्भाशयात साचलेलं रक्त बाहेर पडायच्या आधी गोठतं तेवढंच, रक्तस्राव जास्त असला की त्या पडतात. त्या शिरेत नसतात, तिथून फुप्फुसात जायचा प्रश्नच नाही.

वर म्हटलं ना, थायरॉइड खूप खाली गेला की रक्तस्रावाकडे झुकाव, ते तुमच्या पत्रात पूर्ण दिसतंय. फोन विलेब्रांड फॅक्टर नावाचं एक प्रथिन असतं, प्लेटलेट्सना जखमेवर चिकटायला ते लागतं. एरिक फोन विलेब्रांड या फिनलंडच्या डॉक्टरने १९२६ मध्ये ज्या जन्मजात आजाराचं वर्णन केलं त्यात ते कमी असतं किंवा नीट काम करत नाही. थायरॉइड फार कमी झाला की हेच प्रथिन तात्पुरतं कमी होऊ शकतं, मग पाळीत जास्त जाणं, निळे डाग, दात काढल्यावर रक्त न थांबणं असं सुरू होतं. त्याशिवाय बीजांड वेळेवर न सुटल्यानेही पाळी बिघडते, म्हणजे दोन्हीकडून मार. चांगली बातमी ही की थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू झालं आणि पातळी जागेवर आली की हे भरून येतं.

तोवर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), प्लेटलेट्स तपासा आणि सोनोग्राफी करून घ्या, कारण सगळं थायरॉइडवर ढकललं तर फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) राहून जायचा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या थायरॉइडच्या गोळीनंतर ४ तासांनी, नाहीतर लोह ती गोळी शोषूच देत नाही आणि मग टीएसएच का उतरत नाही म्हणून सगळे बुचकळ्यात. आणि एखादं ऑपरेशन किंवा दात काढणं असेल, टाळता येण्यासारखं असेल, तर थायरॉइड सुधारेपर्यंत पुढे ढकलता येतं का ते विचारा.

प्रश्न : माझ्या बाबांचं वय ७१. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून ३ वर्षं वॉरफरिन (रक्त गोठणं कमी करणारी गोळी) चालू आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, जास्त म्हणजे उशिरा गोठतं) कायम २ ते ३ मध्ये असायचा. २ महिन्यांपूर्वी थायरॉइड स्लो निघाला, टीएसएच ४१, गोळी सुरू केली, हळूहळू वाढवली. आता गेल्या आठवड्यात हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आयएनआर केला तर ५.४! जेवणात बदल नाही, गोळ्या मी स्वतः देतो, चूक नाही. थायरॉइडची गोळी त्यांना सूट झाली नाही असं समजून ३ दिवस बंद ठेवलीये. हृदयाचे डॉक्टर वेगळे, थायरॉइडचे वेगळे, विचारायचं कुणाला?

उत्तर : याचं उत्तर त्यांना लगेच मेलने दिलं होतं, छापतेय ते बाकीच्यांसाठी, कारण हे बऱ्याच घरांत होऊ शकतं आणि कुणी सांगत नाही.

आधी तातडीचं. ५.४ आयएनआर आणि हिरड्यांतून रक्त म्हणजे वॉरफरिन देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन, ते एखाददोन डोस थांबवतील आणि एकदोन दिवसांत परत तपासतील. काळी शी, रक्ताची उलटी, डोक्याला मार, अचानक भयंकर डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

आता हे झालं कसं. वॉरफरिन काय करतं, तर व्हिटॅमिन के वर चालणारे गोठवणारे घटक, २, ७, ९ आणि १० नंबरचे, त्यांचं बनणं कमी करतं. पण रक्तात ते किती उरतात हे बनणं आणि मोडणं दोन्हीवर ठरतं, टाकीत पाणी किती राहील ते नळ किती सोडला आणि गळती किती यावर असतं तसं. थायरॉइड स्लो असताना शरीराचं सगळंच मंद, तसं हे घटक मोडायचं कामही मंद, म्हणजे गळती कमी. त्यामुळे आयएनआर जागेवर ठेवायला वॉरफरिन जास्त लागतं. बाबांचा डोस त्या मंद अवस्थेत बसवला गेला असणार. थायरॉक्सिन सुरू झालं, मोडायचा वेग वाढला, वॉरफरिन मात्र तेवढंच राहिलं, आणि आयएनआर चढला. म्हणजे थायरॉइडची गोळी सूट झाली नाही असं नाही, ती चांगलीच लागू पडली.

म्हणून ती बंद ठेवू नका. शिवाय थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे ३ दिवस बंद ठेवून आयएनआरवर फारसा परिणामही होणार नाही. आणि समजा महिनाभर बंद ठेवली तर काय होईल, आयएनआर उलट खाली घसरेल, आणि अनियमित ठोक्यांच्या माणसात आयएनआर खाली म्हणजे हृदयात गुठळी होऊन मेंदूत जायची भीती, ज्याच्यासाठी ही सगळी खटपट चाललीये तेच. थायरॉइडची गोळी चालू ठेवायची आणि डोस बदलायचा तो वॉरफरिनचा, डॉक्टरांनी. थायरॉइडची गोळी जेव्हा जेव्हा बदलेल, २५ ची ५० होईल किंवा ५० ची २५, तेव्हा तेव्हा पुढचे काही आठवडे आयएनआर नेहमीपेक्षा लवकर लवकर करायचा, स्थिर होईपर्यंत.

विचारायचं कुणाला, तर दोघांनाही, आणि दोघांनाही तोच एक कागद दाखवायचा ज्यावर सगळ्या गोळ्या डोससकट लिहिलेल्या आहेत. बाबांना अमियोडॅरोन चालू आहे का ते पण बघा, ठोक्यांसाठी देतात बरेचदा. त्यात वजनाच्या ३७ टक्के आयोडीन असतं, त्याने थायरॉइड स्लो होऊ शकतो, फास्टही होऊ शकतो, आणि वॉरफरिनचा परिणाम ते वेगळा वाढवतं. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन या नव्या गोळ्यांना आयएनआर करत बसावं लागत नाही, बाबांना चालतील का विचारायला हरकत नाही, फक्त हृदयात मेटलची कृत्रिम झडप असेल तर त्या चालत नाहीत.

प्रश्न : वय ३६, हाशिमोटो (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करतं तो ऑटोइम्यून आजार) आहे. ४ दिवस झाले डावी पोटरी सुजलीये आणि चालताना दुखते, जरा गरम पण लागते. मला थायरॉइडमुळे अंगावर सूज येतेच नेहमी. डोस वाढवावा लागेल का?

उत्तर : हाही मेल लगेच केला. डोसचं नंतर, आधी त्याच दिवशी पायाची डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी.

थायरॉइडची सूज एका पायाला येत नाही. ती पापण्यांवर, चेहऱ्यावर, दोन्ही पायांवर असते, आणि बोटाने दाबली तर बहुतेकदा खड्डा पडत नाही. थायरॉइडमुळे पोटऱ्या दुखतात, गोळे येतात, हे खरं आहे, पण दोन्ही. एकच पाय सुजलाय, दुखतोय, गरम आहे, रंग बदललाय, तर शिरेतली गुठळी नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आहे असंच धरायचं. दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजला आणि ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असला तर डॉक्टरांच्या गुणपत्रिकेत त्याला मार्क आहेत, पण फरक कमी भरला म्हणून घरी बसू नका. मालिश तर अजिबात नको, दुखतंय म्हणून घरचे प्रेमाने चोळायला बसतात. आणि अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडायला झालं, तर गुठळी फुप्फुसात गेल्याची शक्यता, तेव्हा इमर्जन्सी.

एक वेगळा प्रकार सांगून ठेवते. दोन्ही पाय सुजतात, खड्डा पडतो, सकाळी डोळ्यांखाली सूज आणि लघवीला फेस, तर लघवीतलं प्रोटीन तपासा. किडनीतून प्रोटीन खूप वाहून जात असेल तर त्याच्यासोबत थायरॉइडचं हार्मोन वाहून नेणारी प्रथिनंही जातात आणि गुठळी होऊ न देणारं अँटिथ्रॉम्बिनही जातं. म्हणजे एकाच माणसात टीएसएच वाढलेला आणि गुठळीचा धोकाही वाढलेला, आणि दोन्हीचं मूळ किडनीत. क्वचितच, पण सुटून जातं.

प्रश्न : मी २८ वर्षांची, ५ वर्षांपासून थायरॉइडची गोळी, टीएसएच २ च्या आसपास असतो. पाळी नियमित व्हावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या दिल्यात. थायरॉइड असताना चालतात का? आणि पुढे प्रेग्नन्सी ठेवायची तर गुठळीचं काय?

उत्तर : टीएसएच २ म्हणजे थायरॉइडच्या दृष्टीने तुमचं रक्त इतरांसारखंच. गोळ्या चालतात. इस्ट्रोजन असलेल्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो तो थायरॉइड असो नसो : गोळ्या न घेणाऱ्या तरुण बायकांत वर्षाला १०,००० मध्ये साधारण २ जणींना गुठळी होते, घेणाऱ्यांत ५ ते १२, गोळी कुठली त्यावर. तुम्हाला स्वतःला किंवा घरात कुणाला गुठळी झालीये का, ऑरा असलेलं मायग्रेन (डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकणं वगैरे), सिगारेट, जास्त वजन, बीपी, हे डॉक्टरांना सांगा. थायरॉइडपुरतं एवढंच की इस्ट्रोजनमुळे हार्मोन पकडून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि तुमची गोळी कमी पडू शकते, म्हणून सुरू केल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच.

प्रेग्नन्सीत गुठळीचा धोका ४ ते ५ पट होतो आणि सगळ्यात जास्त बाळंतपणानंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत, हा सगळ्याच बायकांचा हिशोब. थायरॉइडची गोळी मात्र पहिल्या काही आठवड्यांतच साधारण पाव ते अर्ध्या पटीने जास्त लागू शकते, त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. हाशिमोटो असलेल्या बाईचे वारंवार गर्भपात होत असतील, किंवा कारण नसताना गुठळी झाली असेल, तर अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (गुठळ्या घडवणाऱ्या अँटिबॉडीज) तपासायचा आग्रह धरा. तोही ऑटोइम्यून प्रकार आहे, कधीकधी दोन्ही एकाच घरी उतरतात.

प्रश्न : गोळी १०० ची १५० केल्यापासून मस्त वाटतंय, ४ किलो उतरलं. टीएसएच ०.०४ आलाय, डॉक्टर कमी करा म्हणतात, मला नाही करायची. स्लोपेक्षा फास्ट बरा ना? वय ६३.

उत्तर : नाही हो, बरा नाही. या सगळ्या पत्रांत तुमचं वाचून मला जास्त भीती वाटली. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये ६० च्या पुढच्या सुमारे २००० लोकांवर १० वर्षं लक्ष ठेवलं होतं, १९९४ मध्ये ते छापून आलं. ज्यांचा टीएसएच ०.१ किंवा खाली होता त्यांच्यात २८ टक्के लोकांना ठोके अनियमित होण्याचा आजार झाला, नॉर्मल असलेल्यांत ११ टक्के. ठोके असे विस्कटले की हृदयाच्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती मेंदूकडे जाते. त्यात हाडं ठिसूळ होतात ते वेगळंच, आणि उतरलेल्या ४ किलोत स्नायू पण गेलेले असतात.

दोन गोष्टी तपासून घ्या. केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) चालू असेल तर काही मशीनवर टीएसएच खोटा कमी दिसतो, ते निदान २ दिवस आधी बंद करून परत रिपोर्ट करा. आणि थायरॉइडच्या कॅन्सरसाठी मुद्दाम टीएसएच दाबून ठेवला असेल तर तुमचा हिशोब वेगळा. यातलं काही नसेल तर डोस कमी करा, वाद घालू नका.

प्रश्न : फुल बॉडी चेकअपमध्ये डी-डायमर (गुठळी मोडताना रक्तात येणारा घटक) ६२० आलाय, मर्यादा ५०० लिहिलीये. थायरॉइड आहे, वय ६८, त्रास काहीच नाही.

उत्तर : त्रास नसताना ही टेस्ट करायचीच नसते. ती नॉर्मल आली तर गुठळी नाही म्हणायला उपयोगी, वाढली तर फारसं काही सांगत नाही, वयाने, इन्फेक्शनने, प्रेग्नन्सीत, कशानेही वाढते. पन्नाशीनंतर तर मर्यादा वय गुणिले १० धरतात, म्हणजे तुमची ६८०, तेव्हा तुमचा रिपोर्ट नॉर्मलच.

प्रश्न : १४ तासांचं विमान आहे, थायरॉइड आहे, गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन घ्यावं का?

उत्तर : फक्त थायरॉइडसाठी नको. आधी गुठळी झाली असेल, कॅन्सर असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारा. नाहीतर मधूनमधून उठून चाला, बसल्या जागी घोटे हलवत राहा, झोपेची गोळी घेऊन एकाच अवस्थेत पडून राहू नका. थायरॉइडची गोळी हँडबॅगेत ठेवा, आणि तिकडची वेळ इकडची वेळ याचा फार विचार नको, तिथे उतरल्यावर सकाळी उपाशीपोटी घेतली की झालं, ४-५ तास इकडेतिकडे झाल्याने काही फरक पडत नाही.